मोठी मासोळी, जाळ्याचा आस आणि गळ

जरीपटक्याहून बोलते आहे. पावसाळ्यानंतरच्या मासेमारीसाठी ज्या गटांनी कर्ज उचलून जाळं घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. तळ्याचा ठेका गटाकडे आहे किंवा आपण मच्छीमार सोसायटीच्या सभासद आहोत, हे धरून चालते. ते नसेल तर आधी तो कागद करा, जाळं मग घेऊ.

सगळ्यांना मोठी मासोळी हवी असते, कारण भाव तिला आहे. आमच्या जरीपटक्यातलंच पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वस्ती. त्यांच्या झुलेलालाचं वाहनच पल्ला मासा. पल्ला इथे रोज कुठून मिळणार? पण मासा पारखणारी गिऱ्हाइकं इथे आहेत. कल्ला उचलून पाहतात, पोट दाबून पाहतात. दोन किलोचा रोहू आणि पाव-पाव किलोचे आठ रोहू, वजन एकच; पण आठांना भाव पडतो आणि काटे-खवल्यांतच अर्धा जीव जातो.

मोठी मासोळी पकडायची म्हणजे मोठं जाळं घ्यायचं, असं नाही. आस मोठा घ्यायचा. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. पाण्यात उभ्या लावायच्या जाळ्यात मासा डोकं घालतो, पुढे जाता येत नाही, मागे सरकताना कल्ल्याशी दोरा अडकतो. लहान मासा घरातून पार निघून जातो, फार मोठा डोकं टेकवून परत फिरतो. म्हणजे कोणता मासा धरायचा हे आस ठरवतो, आपलं नशीब नाही.

हिशेब घरी करता येतो. बाजारात जेवढा मासा विकायचा आहे तेवढा एक घ्या आणि त्याच्या सगळ्यात जाड भागाभोवती सुतळी गुंडाळा. समजा घेर ३० सेंटीमीटर आला. त्याला सव्वाने भागा, २४ आले. घराच्या चार बाजू मिळून २४ हव्यात, म्हणजे एक बाजू ६ सेंटीमीटर. मासा घरापेक्षा थोडा जाड असला तरच तो अडकतो, म्हणून हा सव्वाचा भाग. अगदी मिलिमीटरला जुळायला हवं असं नाही, पण या आसपास राहा.

आता दुकानातली गंमत. गंमत कसली, इथेच पैसे जातात. आस दोन तऱ्हांनी मोजतात. एक, गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत. दुसरी, घर ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये. दुसरं माप पहिल्याच्या दुप्पट येतं. आपण सहा सेंटीमीटर म्हणालो आणि दुकानदाराने ताणलेलं सहा दिलं, तर हातात तीनचं जाळं येतं. त्यात सव्वापट धरली तर १५ सेंटीमीटर घेराची पिल्लं अडकणार. एका गटाच्या वहीत मी हे पाहिलं आहे: जाळं ‘मोठ्या मासोळीचं’ म्हणून लिहिलेलं आणि पहिल्या तीन विक्रीत सगळा बारीक माल. दुकानदार म्हणाला, तुम्ही मागितलं तेच दिलं. तेव्हा दुकानात मोजपट्टी न्या, दहा घरं ताणून मोजा, दहाने भागा, आणि बिलावर ‘गाठ ते गाठ’ की ‘ताणून’ हे लिहून घ्या.

दोऱ्याचंही सांगते. एकेरी तंगूस पाण्यात दिसत नाही, म्हणून जास्त लागतो. पण मामा तलावांत बुडालेली खुंटं, बेशरमीची मुळं फार. तिथे तो फाटतो आणि सांधायलाही कटकटीचा. पिळाचा नायलॉन दोरा थोडा कमी मारतो, पण वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरता येतो. कर्जाचे हप्ते फेडायचे असतील तर मी पिळाचाच घेईन. आणि वरच्या दोराला जाळं बांधताना ते ताणून बांधू नका. १०० मीटर ताणलेलं जाळं ५० मीटर दोरावर बसवलं की घरं नीट उघडी राहतात. ताठ जाळ्याला मोठा कटला धडकून परततो. शिंगाड्यासारख्या काटेवाल्या माशाला तर थोडा झोळच हवा, त्यात तो गुरफटतो. हे बांधणीचं काम बाहेर मजुरीने देऊ नका; आपल्या बायांच्या हाताला ते सहज येतं.

मरळीचं गणित मात्र वेगळं. मरळ ही शिकारी मासोळी, दातांची. ती फिरत नाही, गवताच्या कडेला दबा धरून बसते. शिवाय ती वर येऊन हवा घेते, म्हणून ओली ठेवली तर पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, आणि जिवंत मरळीला भाव चढा असतो. जाळ्यात अडकलेली मरळ घासून, धडपडून मरते. गळाची तोंडाला लागलेली जिवंत येते. तेव्हा मरळीला गळच बरा.

अमेरिका-कॅनडाच्या तळ्यांत मस्की नावाची अशीच दबा धरणारी शिकारी मासोळी आहे, मीटरभर लांब, कधी त्याहून मोठी. ती मोठ्या पाण्यात शोधायची म्हणून तिथले लोक चालत्या होडीमागे लांब दोर सोडून खोटा मासा ओढत नेतात. आपल्याकडे समुद्रात सुरमई, कुप्यासाठी होडीमागे असाच दोर ओढतात. जखमी मासा पळतो आहे असं शिकाऱ्याला वाटतं आणि तो झेप घेतो. होडी जोरात गेली तर आमिष वर येतं, हळू गेली तर खाली बसतं. सगळी कला त्यात. दातांनी दोर कापू नये म्हणून गळाच्या वर वीतभर तार लावतात. आपल्या बोडीत, तलावात डोंगा फिरवत दोर ओढायची गरज नाही, कारण मरळ कुठे आहे ते पाण्यावर येणारे बुडबुडे सांगतात. पण दोन गोष्टी तिथून घ्या: तार किंवा जाड दोरा, आणि हलतं आमिष. गवताच्या कडेने आमिष हळूहळू ओढलं तर मरळ सोडत नाही. निपचित पडलेल्याकडे ती फारसं पाहत नाही.

मस्कीच्या माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. तिथे ठरलेल्या लांबीखालचा मासा ठेवता येत नाही, आणि बरेच गळवाले मोठी मादीही मोजून परत सोडतात. आपल्या पोटाचा प्रश्न आहे, आपण सगळ्या सोडू शकत नाही. पण एक वेळ तरी पाळायला हवी.

पाऊस सुरू झाला की मरळ उथळ पाण्यात, गवतात अंडी घालते. नंतर लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसतो, आणि त्याच्याखाली आईबाप राखण करत असतात. त्या पुंजक्याजवळ गळ टाकला की मरळ लगेच लागते. भूक लागली म्हणून नव्हे, पिल्लांवर कोणी आलं म्हणून ती तुटून पडते. सगळ्यात सोपी शिकार तीच. पण राखण गेली की बाकीचे मासे तो पुंजका खाऊन टाकतात. कटला-रोहूला वाहतं पाणी लागतं, त्यांचं बोटुकली बीज आपण विकत आणून सोडतो. मरळीचं बीज तळंच फुकट देतं, तिला राखू दिलं तर. तेव्हा पुंजका दिसेल त्या कडेला गळ नको, आणि पोरांनाही टाकू देऊ नका. तारीख ठरवून उपयोग नाही, पाऊस पुढेमागे होतो. पुंजका पाहून ठरवा. रोज पाळीवर धुणं घेऊन जाणाऱ्या बाईला तो सगळ्यांआधी दिसतो.

गवतही तसंच. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत मामा तलावांत काम केलं: बेशरम काढायची, देशी पाणवनस्पती लावायच्या. लावणीत बाया पुढे होत्या. काही तलावांत देशी मासे परत वाढले. बेशरमीच्या झुडपात जाळंही फाटतं, हा आपला तोटा वेगळाच.

डोंग्यात एकट्या जाऊ नका, आणि डोंग्यात साडीचा पदर खोचलेला असू द्या. रात्री लावलेलं जाळं सकाळी न चुकता काढा. विसरलेलं जाळं पाण्यात मासे मारतच राहतं आणि ते कोणाच्या पाटीत येत नाहीत.

ज्या गटांची खरेदी या महिन्यात आहे, त्यांनी बैठकीला सुतळी, मोजपट्टी आणि बाजारातून आणलेला एक दोन किलोचा मासा घेऊन बसा. आधी घेर मोजा, मग तो कापा.