केळीचा मुनवा



पिकलेलं केळं चिरलं की मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. त्या न धरलेल्या बिया. आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही. रानकेळीत मात्र दाताखाली कचकन येणाऱ्या कडक बिया असतात.

मग केळीचा वंश चालतो तो कंदातून. आपण ज्याला खोड म्हणतो ती एकात एक गुंडाळलेली पानांची आवरणं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याच्या डोळ्यांतून मुनवे फुटतात आणि आईचेच गुण घेऊन वाढतात. रावेर-यावलकडचा जाणता शेतकरी मुनवा पानावरून पारखतो. तलवारीच्या पात्यासारखं अरुंद पान आणि भरदार बुंधा असला, की तो लावणीचा. रुंद पानांचा मुनवा लवकर थोराड दिसतो, पण त्याचा कंद हलका असतो. त्याला भुलू नका.

आईचे गुण येतात तसे रोगही येतात. हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, झालेल्या झाडाच्या पानावर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो. अशा झाडाचा मुनवा वरून कितीही टवटवीत असो, विषाणू आत असतोच. ऊतिसंवर्धित रोपंसुद्धा रोगट आईपासून केली तर रोगटच निघतील; म्हणून मातृवृक्षाची विषाणू तपासणी झाली आहे का, हे रोपं घेताना विचाराच.

आणखी एक धोका मला मोठा वाटतो. मध्य अमेरिकेत मैलोन्‌मैल एकाच ग्रो मिशेल जातीच्या बागा होत्या. सगळी झाडं एकाच साच्यातली. जमिनीतल्या पनामा मर रोगाच्या बुरशीपुढे एकही तग धरेना, आणि १९६० च्या सुमारास ती जात निर्यातीच्या बाजारातून गेलीच. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन याच गटातल्या. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात पोहोचला आहे. तिकडचे कंद, कंदाला चिकटलेली मातीसुद्धा, आपल्या शेतात येऊ देऊ नका.

मृगबागेसाठी घरचेच कंद काढणार असाल, तर घड झाडावर असतानाच निरोगी, भरघोस घडाच्या झाडांवर चुन्याची खूण करा. घड उतरल्यावर कोणत्या झाडाचा माल चांगला होता, ते ओळखता येत नाही.