रुमणं आणि विमानाचा दांडा

जऊळक्याहून तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. आज बोलायचंय विमानावर. हसू नका! शेवटी आपण आपल्या डवऱ्यापाशीच येणार आहोत.

कॅप्टन अमोल यादव हे नाव काहींनी ऐकलं असेल. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं. सरकारी नोंदणी मिळायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, आणि चाचणी उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये आली. घरी बांधलेल्या वस्तूवर जीव सोपवायचा, तर तपासणी लागतेच.

आता छोट्या विमानाचा दांडा बघा. वैमानिकाच्या दोन पायांमध्ये उभा असतो, अगदी रुमण्यासारखा. मागे ओढला की शेपटीची फळी वर उचलते, शेपूट दबते आणि नाक वर जातं. डावीकडे कलवला की डाव्या पंखाची पट्टी वर, उजव्याची खाली, आणि विमान डावीकडे झुकतं.

घरी विमान बांधणारे हा दांडा आपल्या अंगाप्रमाणे करून घेतात. लांब ठेवला तर जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावा लागतो. मग तो मांडीला नाहीतर समोरच्या फळीला अडकतो. आखूड केला तर जोर जास्त लागतो, आणि हात जरासा हलला तरी विमान जास्त हलतं. म्हणून आधी बसून माप घ्यायचं, मगच कापायचं. जोडाच्या बोल्टला नट लावून वर पिन घालतात, म्हणजे हादऱ्याने नट सुटत नाही.

आता आपलं सांगते. आमच्या गटाने सायकल डवरा घेतला. त्याची मूठ आमच्या बुटक्या बायांच्या छातीला लागायची, संध्याकाळी खांदे भरून यायचे. बनवणाऱ्याने माप पुरुषाचं धरलेलं. कोणी म्हणालं, कापा. आम्ही दांडा कापला आणि जोड तारेने बांधला. तिसऱ्या दिवशी ऐन सोयाबीनच्या डवरणीत तार सुटली. एक ताई तोंडावर पडली, मनगट मोडलं. हंगामाची मजुरी बुडाली. मीच म्हटलं होतं, "चालते, काही होत नाही." ते अजून मनाला लागतं.

दांडा कापला हे चुकलं नव्हतं. न मापता कापला आणि न तपासता वापरला, हे चुकलं. मग आम्ही वेल्डिंगवाल्या दादांकडे गेलो. प्रत्येकीला उभं करून कोपराची उंची मोजली. दांड्याला तीन भोकं पाडून घेतली, बोल्ट आणि पिन बसवली. आता बुटकी असो की उंच, आपल्या भोकात बोल्ट घालते.

वैमानिक उडण्याआधी दांडा चारही बाजूंना शेवटपर्यंत फिरवतो आणि पंखाकडे पाहतो. नुसतं हललं एवढं पुरत नाही. बरोबर दिशेला हललं का, तेही बघतो. कारण जोडणी उलटी झाली, तर डावीकडे वळवलेलं विमान उजवीकडे जातं. आपणही डवरा, फवारणी पंप, कडबा कुट्टी सुरू करण्याआधी बोल्ट हाताने हलवून बघू. कडबा कुट्टीची वीज बंद करून, बरं का.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. आपल्या गटातलं कोणतं अवजार आपल्या मापाचं नाही? आणि कोणतं आपण तारेवर चालवतोय? उत्तरं वहीत लिहा. अवजार घेताना दुकानदाराला आपली उंची सांगायला लाजू नका. आपलं अंग अवजारासाठी वाकवण्यापेक्षा अवजार आपल्यासाठी बदलून घेऊ, पण नीट मापून.

मनगट मोडलेली ताई यंदा पुन्हा डवऱ्यावर आहे. पिन तीच तपासते, आणि तिने हो म्हटल्याशिवाय डवरा शेतात जात नाही.