मूळ गाव कुणाचं?



परवा आम्ही काही मित्रमैत्रिणी एका दिवसासाठी दाभोळला गेलो. धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली. आमच्यातल्या तिघांचं मूळ गाव तेच.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं आपल्याला सतत विचारलं जातं. आपलं उत्तर या बंदरात आहे. १५०८ साली पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं, तेव्हा सगळं गावच होरपळलं. दादीची बोलीही इथलीच.

पण एक प्रश्न आपण घरातही विचारायला हवा. एका मैत्रिणीच्या वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर तिच्या चाचांची नावं आहेत, फुफीचं नाही. वारशात मुलीचा वाटा शरियतनेही मानला आहे. मग तो कुठे गेला?

गावी जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा. सोबत उताराही काढा.