रोझेलची मावशी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मजसारख्या एका साध्या पदवीधर सरकारी नोकराला आपण या व्यासपीठावर बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. परंतु परगावी, परक्याच्या घरी राहून दिवस काढल्याचा अनुभव येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी असेल. त्याच धाग्याने मी आजचा विषय निवडला आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा आपणांस ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल. त्या कथेत आपले लक्ष गोपाळरावांच्या हट्टाकडे आणि आनंदीबाईंच्या जिद्दीकडे जाते. मला मात्र हल्ली तिसऱ्याच व्यक्तीचे नवल वाटते. ती म्हणजे न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावची गृहिणी, थिओडिशिया कार्पेंटर.

गोपाळराव टपाल खात्यातले, म्हणजे आपल्याच गोत्रातले! कोल्हापुरास असताना पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय व्हावी म्हणून त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला आणि तो अमेरिकेतील एका मासिकात छापून आला. १८८० साली दंतवैद्याकडे पाळीची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला. आपण असतो तर पान उलटून पुढे गेलो असतो. बाईंनी घरी जाऊन पत्र लिहिले. पुढे पत्राला पत्र येत राहिले. आनंदीबाईंची प्रकृती कलकत्त्यास बिघडली, तेव्हा अमेरिकेहून औषधेही आली. एकमेकींचे तोंड पाहण्यापूर्वीच आनंदीबाईंनी त्यांना मावशी करून टाकले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा, अंगावर लुगडे, आहार शाकाहारी. आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, ही बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे दिलेली ग्वाही. अशी पाहुणी घरात घेणे म्हणजे स्वयंपाकघरापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनाच थोडे हलवणे होय. मावशींनी ते केले, आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला नाही. पुढे फिलाडेल्फियास स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्यावर जी खोली मिळाली, तिथली शेगडी नीट चालत नसे. धूर सोसावा किंवा थंडी. घर आणि खोली यांतला फरक त्या हिवाळ्यात आनंदीबाईंना पुरता कळला असावा.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. पाहुणीला घरातल्यांच्या शेजारी जागा दिली.

आता थोडे स्वतःविषयी. मी १९९४ साली नोकरीनिमित्त दिल्लीस आलो, तेव्हा करोल बागेतील एका मराठी कुटुंबाने मला सात महिने ठेवून घेतले. जेवणाचे पैसे मी दर पहिल्या तारखेस डाळीच्या डब्याखाली ठेवीत असे. निघताना काकूंनी ते सारे पाकिटात घालून माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, “चांगली रजई घे. इथली थंडी तुझ्या सांगलीसारखी नाही.”

एवढे मिळालेल्या माणसाने पुढे काय केले, ते सांगावयास मला संकोच वाटतो. २०२३ साली माझ्या मावसबहिणीचा मुलगा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी दिल्लीस यावयाचा होता. बहिणीने दोन महिन्यांपुरते विचारले. मुलीच्या लग्नानंतर आमची एक खोली रिकामीच होती. तरीही, “मुलांना मोकळीक लागते,” असे म्हणून मी जुन्या राजेंद्रनगरातील भाड्याच्या खोल्यांचे पत्ते पाठविले. खरे कारण एवढेच की आम्हां दोघांना आमची शांतता मोडावयाची नव्हती.

२७ जुलै २०२४ रोजी त्याच वस्तीत एका शिकवणीच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या रात्री भाच्याचा फोन लागेपर्यंतची चाळीस मिनिटे मी विसरणार नाही. तो सुखरूप होता. मात्र अशाच एका तळघरात तोही रोज अभ्यासाला बसत असे. “उद्याच घरी ये,” असे मी म्हटले. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “नको मामा, आता इथली सवय झाली आहे.”

गेल्या दिवाळीपासून लातूरची एक विद्यार्थिनी आमच्याकडे राहते. तिला सकाळी चहा चालत नाही, हे कळावयास आम्हांला पंधरा दिवस लागले. बिचारी रोज मुकाट्याने पीत होती! रात्री दोनपर्यंत तिचा दिवा जळतो आणि माझी झोप मोडते, हीही गोष्ट खरी आहे.

चिटणिसांनी दाराजवळच्या मेजावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे खोली असेल त्यांनी आपले नाव, पत्ता आणि किती महिन्यांसाठी, ते लिहावे. पहिल्या ओळीवर माझे नाव आहे.