इंटरनेटशिवाय चकतीवरून शेतीची माहिती
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



कृष्णाकाठच्या गावात बसून मोबाईलवर बाजारभाव पाहणे आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु पाटण, जावळीच्या डोंगरात किंवा शिराळ्याच्या वरच्या भागात पावसाळ्यात आधी वीज जाते, मग रेंज जाते आणि नेमकी त्याच वेळी पिकावर कीड पडते. अशा वेळी संपूर्ण संकेतस्थळच सीडी किंवा पेनड्राइव्हवर घेऊन गावातील संगणकावर चालविता येते. ते कसे आणि त्यात कोणती काळजी घ्यावी, हे आज पाहू.

संकेतस्थळ कसे चालते?

सातबाराचे उदाहरण घ्या. पूर्वी आपण चावडीवर जात होतो. तलाठी आपला गट नंबर विचारून दप्तर उघडीत आणि उतारा लिहून देत. उतारा तयार ठेवलेला नसे. आपण मागितला की दप्तरातून तयार होई. मोठी संकेतस्थळे अशीच असतात. दप्तर म्हणजे माहितीसाठा, तलाठी म्हणजे सर्व्हरवरील आज्ञावली आणि उतारा म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसणारे पान. "ऊस", "हुमणी" असे निवडले की तेवढीच माहिती काढून त्या क्षणी पान तयार होते.

म्हणून अशा संकेतस्थळाची नुसती पाने सीडीवर उतरवून भागत नाही. तो सगळ्या उताऱ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा होतो. वाचता येतो, पण शोधाची चौकट चालत नाही. काम चालवायचे तर दप्तर आणि तलाठी दोघांनाही घरी आणावे लागते.

दोन मार्ग

पहिला मार्ग असा : अपाचेसारखा वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि माहितीसाठा हे सर्व एकाच चकतीवर ठेवायचे. सुरू केल्यावर संगणक स्वतःच स्वतःला पाने पुरवितो. ब्राउझरमध्ये "लोकलहोस्ट" हा पत्ता टाकला की बाहेरच्या जोडणीची गरज राहत नाही. अडचण एवढीच, की सीडीवर नव्याने लिहिता येत नाही. मायएसक्यूएलसारखा माहितीसाठा चालताना स्वतःच्या नोंदी लिहीत असतो. त्यामुळे तो आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्यावा लागतो. एसक्यूलाइटमध्ये सर्व माहिती एकाच फाईलमध्ये राहते आणि ती नुसती वाचण्यापुरती उघडता येते. म्हणून चकतीसाठी ती सोयीची.

दुसरा मार्ग साधा आहे. सर्व पाने तयार करून ठेवायची, सोबत शब्दांची एक सूची द्यायची आणि शोध ब्राउझरनेच घ्यायचा. पाने थोडी असतील तर हा मार्ग उत्तम, कारण बिघडण्यासारखे त्यात फारसे नसते.

सीडीवर सुमारे ७०० एमबी, तर डीव्हीडीवर ४.७ जीबी मजकूर मावतो. आता बहुतेक नव्या संगणकांना सीडीचा कप्पाच नसतो. तेथे पेनड्राइव्ह वापरावा. पद्धत तीच राहते. मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हे जरूर पाहावे. जुन्या चकत्यांवर प्रत्येकाचा फाँट निराळा असे. त्यामुळे अक्षरे दिसत, पण "हुमणी" शब्द शोधला तर सापडत नसे.

वारणेचा धडा

आपल्या शेजारचाच अनुभव पाहा. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी संगणक प्रकल्प सुरू झाला. गावोगावी माहिती केंद्रे उघडली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा त्यात सहभाग होता. पिकांची माहिती, बाजारभाव असे बरेच काही देण्याचा हेतू होता. प्रत्यक्षात मुख्य वापर झाला तो उसाची नोंद, तोडणी व वजन यांसाठी. पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशाने हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो सोयीचा ठरला.

यातून बोध घ्यावा तो असा. उसाचे वजन, बाजारभाव, हवामान ही माहिती रोज बदलते. ती चकतीवर ठेवण्यात अर्थ नाही, तिला मोबाईलच हवा. वाणांची ओळख, लागवडीचे अंतर, माती परीक्षणासाठी नमुना घेण्याची रीत, किडींची छायाचित्रे ही माहिती सावकाश बदलते. ती चकतीवर खुशाल ठेवावी.

खरा धोका कोठे?

धोका आहे तो वरवर स्थिर दिसणाऱ्या, पण एका आदेशाने बदलणाऱ्या माहितीत. उसातील हुमणीसाठी दाणेदार फोरेट ही एकेकाळची सर्रास शिफारस. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटचा वापर पूर्ण बंद झाला. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. जुनी चकती मात्र आजही तीच औषधे निमूटपणे सुचवील. तिला बंदी कळत नाही.

तासगाव, मिरज भागातील द्राक्ष बागायतदारांना हे अधिक सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही पोळले. परदेशातील अंशमर्यादा कधी बदलेल हे चकती सांगू शकत नाही.

म्हणून गावात चकती वापरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) प्रत्येक पानावर माहिती कोणत्या तारखेची आहे ते छापलेले असावे. तारीख नसलेली चकती स्वीकारू नये.
२) फवारणीची शिफारस चकतीवर वाचली तरी औषध आणण्यापूर्वी कृषी सहायक किंवा विद्यापीठाच्या जवळच्या संशोधन केंद्राकडून खात्री करावी.
३) दरवर्षी खरिपापूर्वी नवी प्रत आणावी. जुनी प्रत कपाटात न ठेवता मोडून टाकावी, नाहीतर घाईच्या वेळी तीच हाताला लागते.
४) पेनड्राइव्ह ठिकठिकाणी फिरतो आणि व्हायरस आणतो. वापरण्यापूर्वी तो तपासून घ्यावा.
५) शेतकऱ्यांचे प्रश्न चकतीवर लिहिता येत नाहीत. त्यासाठी वही ठेवावी आणि रेंजच्या गावी जाणाऱ्याने ते प्रश्न पुढे पाठवावेत.

बंधूंनो, चकती म्हणजे घरी आणलेले दप्तर. ते ज्या दिवशी आणले त्या दिवसापर्यंतच खरे असते. हे ध्यानात ठेवून वापरले तर रेंज नसलेल्या गावातही वेळेवर उपयोगी पडेल. न ठेवता वापरले, तर मनस्ताप आणि नुकसान दोन्ही आपल्याच पदरी येतील.