नांदूरमधमेश्वरचे पाणी आणि पाखरे



नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा येऊन मिळते. तिथे नांदूरमधमेश्वरला विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला गेला. कालव्यांना पाणी मिळावे हा हेतू. पाखरांसाठी म्हणून काही तो कोणी बांधला नव्हता !

पण झाले काय, दरसालच्या पुराने गाळ आणला. बंधाऱ्यामागे बेटे तयार झाली, पाणी उथळ झाले, लव्हाळी आणि पाणकणीस माजले. साठवणीच्या हिशेबात हे नुकसान, पण पाखरांच्या दृष्टीने सुकाळच झाला. १९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून याची जगाच्या यादीत नोंद झाल्याचे जाहीर झाले.

उथळ पाण्याचे एवढे काय कौतुक, असे तुम्ही विचाराल. तलवार बदक बुडी मारीत नाही. शेपटी वर करून ते मान पाण्यात घालते. मान पोचेल तेवढेच त्याचे ताट. थापट्या बदक आपल्या पसरट चोचीने पाणी गाळून बारीक किडे वेचते. चिखल्यांना तर घोटाभर पाणीही जास्तच. आणि वारकरी पाहिला आहे का ? अंग काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा ! नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे.

पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, आणि रात्री हरभऱ्यात उतरतो. ज्याचे पीक खाल्ले त्याने पाहुण्याला ओवाळावे, असे मी म्हणणार नाही. त्याच्या नुकसानीचा विचार आधी व्हायला हवा. नाहीतर अभयारण्याची पाटी त्याला वैऱ्याची वाटेल.

आता गाळाचे. ‘गाळ काढा’ ही मागणी खोटी नाही, पाणी सर्वांनाच हवे. पण सगळा तळ सारखा खोल उकरला, तर बदकांचे ताट गेले म्हणून समजा. बंधाऱ्याच्या तोंडाशी गाळ काढावा, काठाचा उतार आणि बेटे राखावीत, असे माझे मत. खरा उपाय वरच्या अंगाला आहे, बरं का. शिवारात बांधबंदिस्ती नीट असेल तर माती नदीत कमी जाईल. सांडपाणी आणि शेतातली वाहून आलेली खते खाऊन जलपर्णी फोफावते. तिची चादर पसरली की खाली उजेड नाही, पाणवनस्पती नाहीत, मासळी गुदमरते.

गुरुजी आणि बाई, तुम्हांला एक काम सांगतो. शाळेत एक वही घाला. पहिला चक्रवाक कोणत्या तारखेला दिसला, पाणी कुठल्या दगडापर्यंत होते, जलपर्णी कुठवर आली, हे मुलांनी दर शनिवारी लिहावे. गावातल्या कोळी मंडळींनाही विचारावे. पाणी किती उतरले ते त्यांना वल्ह्यावरून कळते. दिवाळीनंतर सुरुवात केली तरी चालेल, तोवर पाखरे येऊ लागलेली असतात.