घर न घेतां घराचा व्यापार

धान्याच्या पेठेंतील घाऊक व्यापारी सर्वांच्या ओळखीचा असतो. तो शेतकऱ्याकडून पोतीं घेतो, वखारींत सांठवितो आणि किरकोळ दुकानदारास विकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरांचेहि असे घाऊक व्यापारी आहेत. मात्र त्यांना वखार लागत नाहीं. त्यांच्याजवळ घर नसतें, आणि पुष्कळदां घर घेण्याइतका पैसाहि नसतो; असतो तो केवळ एक करारनामा. ह्या धंद्यास तेथें ‘होलसेलिंग’ म्हणतात. अल्प भांडवलावर आरंभ करतां येतो ह्या कीर्तीमुळें अनेक तरुण त्याकडे ओढले जातात. त्यांतील धोका कोणाच्या माथीं येतो, हें समजण्यास धंद्याचें मूळ प्रथम पाहिलें पाहिजे.

घरमालक व खरेदीदार यांच्यांत लेखी करार झाला, कीं अमेरिकन कायद्याच्या दृष्टीनें खरेदीदाराच्या ठायीं एक हक्क उत्पन्न होतो. घराची मालकी अद्याप त्याची नसते. परंतु ठरल्या मुदतींत व ठरल्या किंमतीस तें घर मागण्याचा अधिकार त्याचा असतो. करारांत मनाई नसल्यास हा अधिकार सामान्यतः दुसऱ्याच्या नांवें करून देतां येतो. घाऊक व्यापारी विकतो तो हाच अधिकार. दुसरा खरेदीदार त्यास ठराविक रक्कम देऊन त्याच्या जागीं उभा राहतो, आणि खरेदीखत मूळ मालकाकडून परभारें त्या दुसऱ्याच्या नांवें होतें.

नवशिक्याचें पहिलें काम घर शोधण्याचें. सुस्थितींतील घर मालक दलालामार्फत बाजारभावानें विकूं शकतो; तेथें ह्या व्यापाऱ्यास वाव नसतो. म्हणून तो गल्लोगल्लीं हिंडून गवत माजलेलें अंगण, गळकें छप्पर, फळ्या ठोकलेल्या खिडक्या टिपून ठेवतो. सरकारी दप्तरांत कर थकलेल्या मिळकतींच्या व वारसाच्या प्रकरणांच्या नोंदी असतात. त्यांवरून तो मालकांस पत्रें धाडतो. बहुतेक पत्रांस उत्तर येत नाहीं, आणि तरीहि तीं धाडीत राहणें हीच येथली मेहनत. त्याबरोबरच, मोडकीं घरें घेऊन दुरुस्त करणाऱ्या खऱ्या गिऱ्हाइकांची ओळख त्यानें आधींच करून घेतलेली असावी. गिऱ्हाईक ठाऊक नसतां केलेला करार म्हणजे बाजार न पाहतां भरलेली गाडी होय.

दुसरें काम हिशेबाचें. शेजारचीं तशींच घरें अलीकडे कोणत्या भावानें विकलीं गेलीं, यावरून दुरुस्तीनंतरची किंमत काढतात. ती २,००,००० डॉलर आली असें समजावें. दुरुस्ती करणारे लोक बहुधा ह्या किंमतीचे शेंकडा ७० धरतात, म्हणजे १,४०,०००. त्यांतून दुरुस्तीचे ४०,००० वजा केले कीं उरतात १,००,०००. ह्याहून अधिक ते देणार नाहींत. व्यापाऱ्यास स्वतःसाठीं ८,००० हवे असल्यास त्यानें मालकास ९२,००० च्या वर बोलूं नये. हा नियम ठोकताळ्याचा आहे, कायद्याचा नव्हे. परंतु आरंभीं तोच दिव्यासारखा उपयोगी पडतो.

आतां ह्याच हिशेबांत एक चूक झाली असें धरूं या. घराची मालकीण एक वृद्ध विधवा आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत आणि लिलावाची तारीख जवळ आली आहे. तरुणानें पायाची तड न पाहतां दुरुस्तीचा अंदाज २०,००० चा केला आणि १,१२,००० डॉलर देऊं केले. बाईंनीं आनंदानें सही केली आणि घराची चिंता सोडली. परंतु त्या भावास गिऱ्हाईक मिळेना. करारांत ‘घराची तपासणी समाधानकारक न वाटल्यास माघार घेतां येईल’ असें कलम होतें. त्याचा आधार घेऊन तरुण आपला थोडासा विसार परत घेऊन मोकळा झाला. त्याचे चार दिवस वायां गेले. बाईंचे मात्र लिलाव टाळण्याचे शेवटचे आठवडे गेले. अल्प भांडवलाच्या धंद्यांत धोका नाहींसा होत नाहीं. तो गरजवंताच्या पदरांत जाऊन पडतो.

म्हणूनच तेथील कायदा आतां जागा झाला आहे. इलिनॉय राज्यानें २०१९ सालीं बारा महिन्यांत एकाहून अधिक असे व्यवहार करणारास दलालाचा परवाना आवश्यक ठरविला. फिलाडेल्फिया शहरानें २०२० सालीं अशा व्यापाऱ्यांसाठीं परवान्याचा नियम केला. ओक्लाहोमानें २०२१ सालीं अशा कराराची जाहीर विक्री परवान्याखालीं आणली. साउथ कॅरोलिनानें तर २०२४ सालीं, मालकी हातीं येण्यापूर्वीं घराची विक्रीसाठीं जाहिरात करून हा धंदा चालविण्यास मनाई केली. नवशिक्यानें पत्रें छापण्यापूर्वीं आपल्या राज्यांतील वकिलाचा सल्ला घ्यावा, तो याचसाठीं.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांनीं एक भेद विशेषेंकरून ध्यानांत ठेवावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें साठेखतानें स्वतः होऊन मिळकतींत कोणताहि हितसंबंध उत्पन्न होत नाहीं. अमेरिकन पुस्तकांतील युक्ति जशीच्या तशी येथें उचलणाऱ्याच्या पायाखालीं ती जमीनच नसते.

तथापि कायद्यानें सर्व कांहीं होत नाहीं. आपण घर स्वतःसाठीं घेत नसून करार दुसऱ्यास विकणार आहों, त्यांत आपला नफा आहे, आणि दलालामार्फत विकल्यास कदाचित् अधिक किंमत येईल, हें मालकास सहीपूर्वीं स्पष्ट व लेखी सांगणें हा ह्या धंद्याचा खरा श्रीगणेशा आहे. हें ऐकूनहि ज्यास त्वरेची गरज असते तो मालक सही करतो, आणि तोच व्यवहार दोघांच्याहि हिताचा ठरतो. जो करार हें सांगितल्यानें मोडतो, तो न झालेलाच बरा. घर नसलेल्या ह्या व्यापाऱ्याच्या दुकानांत माल एकच असतो, आणि तो म्हणजे त्याचा शब्द.